चाचणीचे फोटो

हॅलो? … हो, बोल. … नाही, अजून नाही. … अगं, सापडले असते तर पहिला फोन तुलाच केला असता ना.

तू कुठे आहेस? … बसलीस बसमध्ये? बरं झालं. … म्हणजे एक वाजेल तुला. ये. सकाळी मीच येऊ नकोस म्हणाले होते, ते सोड. येच तू.

हो… हो… अगं ऐक ना. सगळं सांगते, पण काम करत करत बोलू दे मला. फोन टेबलावर ठेवलाय, स्पीकर चालू आहे. येतोय ना आवाज? … ती कीबोर्डची खडखड. फोटो शोधतेय. बाबांचा फोटो. पोलिसांना हवाय.

सांगते ना. आज बुधवार, आमचं चष्म्याचं दुकान बंद. बाबा साडेसहाला उठले. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. म्हणाले, आज थंडी जरा कमी आहे. अगदी व्यवस्थित बोलत होते गं. पेपर घेऊन खुर्चीत बसले. आणि आठ वाजता बघते तर खुर्ची रिकामी, पेपर जमिनीवर, दार नुसतं ओढलेलं. कोट नाही, टोपी नाही, बूट नाहीत.

… मी? मी घरातच होते. … आत होते. … अगं, स्वयंपाकघरात. नाही ऐकू आलं दार. … नळ चालू असेल.

बरं, पुढे ऐक. खालच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, काका गेले, मी नमस्कार केला, त्यांनीही केला. कधी? तर म्हणे साडेसातच्या सुमारास. कुठल्या बाजूला? ते बघितलं नाही. हातात काहीतरी लांब होतं, छत्री असेल म्हणाला. मग मी आधी बागेत गेले, मग न्हाव्याकडे, मग त्यांच्या जुन्या दुकानाशी. … हो, शिवणकामाच्याच. तिथे आता मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. तो म्हणाला, आज नाही आले, पण महिन्यातून एकदा येतात. दारात उभे राहतात आणि मशीन कुठे हलवलं म्हणून विचारतात. तो बिचारा त्यांना स्टुलावर बसवतो, पाणी देतो आणि परत पाठवतो.

… नाही, मला नव्हतं माहीत. … कसं माहीत असणार, दिवसभर मी दुकानात. समोरच्या काकू दुपारी डोकावतात, त्यांनाही पत्ता नाही.

… बाहेरून कुलूप? हे बघ, कुलपाचं आत्ता काढू नकोस. ज्या माणसाने आपल्याला कधी खोलीत कोंडलं नाही, त्याला मी बाहेरून कुलूप लावू? … माहितीय मला तू काळजीनेच म्हणतेयस. … माहितीय. पण आत्ता नको.

नऊला पोलीस चौकीत गेले. हवालदार चांगला होता. खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं. उंची किती, अंगात काय, बोलताना अडखळतात का. मग म्हणाला, हल्लीचा एक फोटो द्या, सगळ्या गाड्यांवर पाठवतो. मी पर्समधून त्यांचं ओळखपत्र काढून दिलं. त्याने बघितलं, उलटं केलं, परत बघितलं. बारा वर्षांपूर्वीचं आहे गं ते. काळी मिशी, भरलेले गाल. तो म्हणाला, बाई, हे तर त्यांच्या मुलासारखे दिसतायत.

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, काळजी करू नका, मी फोटोग्राफर आहे, दहा मिनिटांत पाठवते. अशा तोऱ्यात म्हणाले. … त्याला आता चाळीस मिनिटं झाली.

नाहीये. … अगं, नाहीये म्हणजे नाहीये. चार डिस्क आहेत माझ्याकडे. साठ हजारांच्या वर फोटो. त्यातले निम्मे तर एकट्या खंड्याचे असतील. खंड्या बसलेला, खंड्या उडताना, खंड्या पाण्यात सूर मारताना, चोचीत मासा, चोचीत मासा नाही. पावसाचे थेंब आहेत. कोळ्याची जाळी आहेत. समोरच्या काकूंच्या मांजरीचे तीनशे निघाले आत्ता. बाबांचा एक नाही.

… तुझ्या लग्नातला बघितला. त्यात ते पाठमोरे आहेत, आचाऱ्याशी बोलतायत. … मुलाच्या बारशाला? तो मी काढलाच नाही, तू काढलायस. तुझ्याकडे असेल तर बघ. … तो जुना फोन गेला? म्हणजे झालंच.

मी रागावत नाहीये तुझ्यावर. … नाही गं. मी स्वतःवर… जाऊ दे. मघापासून नुसती उठतेय आणि बसतेय. एक फोल्डर उघडते, खिडकीशी जाते, खाली बघते, परत येते. कुणी म्हातारं टोपीवालं दिसलं की वाकून बघते. आत्तापर्यंत तीन टोपीवाले गेले इथून.

माणसांचे मी काढत नाही ना फारसे. माणसं हलतात, पोज घेतात, नंतर म्हणतात मी जाडी दिसते. पक्षी काही म्हणत नाही. आमच्या फोटो क्लबमध्ये सगळे चिडवतात, हिला चोच असल्याशिवाय दिसत नाही म्हणतात.

… काय? … हो, रविवारी यायचे माझ्याबरोबर. तळ्यावर. तीन वर्षं यायचे. … पण ते फोटोत कशाला असतील? ते माझ्या बाजूला स्टुलावर बसायचे. लेन्स होती पाण्याकडे, बाबा होते लेन्सच्या मागे. तिथे कुठून…

थांब.

थांब थांब. अगं… चाचणीचे फोटो.

सांगते. खंड्या ज्या खुंटावर येऊन बसतो ना, तो तळ्याच्या पलीकडच्या काठाला आहे, छोट्या पुलावरून वळसा घालून जायचं. पक्षी आला की दोन सेकंद बसतो, तेवढ्यात काय ते. म्हणून आधीच सगळं जुळवून ठेवावं लागतं. मग मी बाबांना तिकडे पाठवायचे. खुंटापाशी उभे राहा, हातात पांढरा कागद धरा. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, म्हणजे बाकीचे रंग खरे येतात. ते उभे राहायचे, मी एक-दोन फोटो काढायचे, प्रकाश बघायचे, आणि हात केला की ते परत यायचे. दर रविवारी पहिला फोटो त्यांचाच.

… नाही ना, ते मी पुसून टाकायचे. घरी आलं की पहिलं काम ते. चाचणीचे फोटो कोण ठेवतं?

पण जुनी काळी डिस्क… ती आपोआप सगळं उतरवून घ्यायची, मी काही पुसायच्या आत. थांब, कपाटावर आहे. स्टुलावर चढतेय. … नाही पडत गं. … ही सापडली. हिची वायर… वायर कुठे मेली… ही नाही… ही. लागली. फिरतेय.

चालू हो गं बाई.

उघडली. … ऐकतेयस? … अगं, आहेत. आहेत बाबा. रांगेने आहेत. प्रत्येक रविवारचे पहिले दोन. कोट, टोपी, हातात कागद छातीशी धरलेला. शंभर… शंभराच्या वर असतील गं.

… हो, स्पष्ट आहेत. चेहऱ्यावरची खोक दिसतेय. थांब, शेवटचा घेते. शेवटचा… गेल्या थंडीतला. हा पाठवते हवालदाराला. गेला. दोन निळ्या खुणा आल्या, बघितला त्याने.

हुश्श. …

… नाही, बोलतेय. बघतेय नुसती.

तीन वर्षांपूर्वीच्यात हसतायत बघ. कागद अगदी सरळ, दोन्ही हातांनी, शाळेतल्या मुलासारखा. त्यानंतरच्या वर्षी कागद जरा कललाय. आणि मग… अगं, कोटाची बटणं.

बटणं चुकलीयेत. वरचं बटण दुसऱ्या काजात. एक बाजू खाली लोंबतेय. हा एक रविवार. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. … मोजू नकोस म्हणतेस, पण सात-आठ रविवार सलग तसेच आहेत. आपले बाबा, गं. ज्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले. दुसऱ्याचं बटण चुकलं तर रस्त्यात थांबवून सांगायचे. डॉक्टरने सांगितलं त्याच्या किती तरी आधीचे आहेत हे. आणि मी हे फोटो मोठे करून बघितलेत. त्याच दिवशी बघितलेत. मी फक्त कागद बघत होते. पांढरा नीट आलाय का.

… नको. असं नको म्हणूस. लोकांना दूरचं नीट दिसावं म्हणून चष्मे बसवते मी दिवसभर. मला दिसायला हवं होतं.

… हो. पाणी पिते.

… काय म्हणालीस? … खांद्यावर? हो, या सगळ्यांत त्यांच्या खांद्यावर ती लांब पिशवी आहे. स्टँडची. कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड, त्याला त्यांनीच कापडी पिशवी शिवली होती, हिरवी, जाड पट्टा लावून. स्टँड मला उचलूच द्यायचे नाहीत. तुझं खांद्याचं दुखणं वाढेल म्हणायचे. रिकामी झाली तरी खांद्यावरच, पलीकडे जातानासुद्धा…

वॉचमन म्हणाला, काहीतरी लांब.

अगं, छत्री तर इथेच आहे. मघाशी जाताना मीच आपटले तिच्यावर.

थांब हं. धर.

… हॅलो? नाहीये. स्टँड नाहीये. कोचामागे असतो नेहमी, तिथे धुळीत नुसती त्याची रेघ आहे. पिशवीपण नाही.

तळ्यावर गेलेत ते. … हो, बुधवार आहे, पण त्यांना कुठलं कळतंय. त्यांना रविवार वाटला असणार. स्टँड घेऊन गेलेत पुढे.

निघाले मी. चप्पल… किल्ली… नाही, फोन ठेवू नकोस. बोलत राहा. मला भीती वाटतेय गं. तिथे काठाला शेवाळ आहे. … काकू, मी तळ्यावर जातेय, ते घरी आले तर बसवून ठेवा, मला फोन करा. … हो, तळ्यावर. … काकूंशी बोलले. उतरतेय.

टॅक्सी, ओ… थांबा. तळ्याकडच्या फाटकाशी. मागच्या. पुढच्या नाही, मागच्या. … बसले. सात-आठ मिनिटं लागतील. … हवालदाराला सांगते नंतर, आधी पोचू दे.

बोल ना काहीतरी. … नाही, तू बोल. … का बोलत नाहीयेस?

… हं.

… स्वयंपाकघरात नव्हते. बरोबर ओळखलंस. गच्चीवर होते मी.

पाकोळ्यांचे थवे आले होते. या दिवसांत सकाळी जातात इथून, शेकड्याने. मला वाटलं दहा मिनिटं जाऊन येते. बाबा पेपर वाचतायत. दहा मिनिटांनी काय होतंय. … मघाशी कॅमेऱ्यात बघितलं. पहिला फोटो सात दहाचा आहे, शेवटचा आठ वाजून दोन मिनिटांचा. बावन्न मिनिटं. माझा कॅमेरा खोटं बोलत नाही. मी बोलले तुझ्याशी.

… ओरड. ओरडलीस तरी चालेल. … मग ओरडत का नाहीस?

अजून एक आहे. आता सांगूनच टाकते. गेल्या थंडीपासून ते येत नाहीत ना तळ्यावर. तुला मी सांगितलं होतं, डॉक्टर नको म्हणाले, छातीला गारठा बाधेल म्हणाले. … डॉक्टर काही म्हणाले नव्हते.

क्लबच्या स्पर्धेचा शेवटचा रविवार होता. चार रविवार मी एकाच फोटोसाठी बसले होते. खंड्या वरून सरळ खाली येतो आणि चोच पाण्याला टेकते, तो क्षण. बोटं गारठून बधिर झाली होती. आणि तो आला. आला, खुंटावर बसला, मान वाकवली, आता झेपावणार, आणि बाबा मोठ्याने म्हणाले, आला बघ, आला. टाळी वाजवली गं. आनंदाने. गेला उडून.

आणि मी त्यांना म्हणाले, उद्यापासून तुम्ही घरीच बसा. तुमचा काही उपयोग नाही इथे.

… हो. हेच शब्द. … त्यांनी? स्टँड मिटवला, पिशवीत घातला, पट्टा खांद्याला लावला. घरी आल्यावर दुपारी मला विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं? मला वाटलं मुद्दाम विचारतायत, टोचायला. मी उत्तरच दिलं नाही. विसरले होते ते. तासाभरात विसरले होते. मला कळायला अजून दोन महिने लागले. आणि तोवर एकटीने जायची सवय झाली होती मला. सोयीचं वाटत होतं. खरं सांगते.

… ऐकू येतंय. हुंदके देऊ नकोस तू, बसमध्ये लोक बघतील. … मी नाही रडत. टॅक्सीवाला आरशातून बघतोय.

… मला माहीत नाही. कळत असेल काहीतरी आत. शब्द विसरले असतील, पण…

हे इथेच, दादा, इथेच थांबवा. सुटे नाहीत… ठेवा तुम्ही. … उतरले. धावत जातेय, आवाज तुटेल.

… हॅलो? येतोय का? … फाटकातून आत आले. मुख्य रस्त्यावर नाहीत. पहिल्या बाकावर नाहीत. दोन बायका चालतायत, त्यांना विचारते. … नाही म्हणाल्या. नाही बघितलं. … बोटींच्या शेडपाशी कुणी नाही. अगं, पाण्यात काहीतरी… नाही. फांदी आहे. फांदी आहे, काही नाही.

माळी दिसतोय, झाडू घेऊन. थांब. … माळीदादा, एक म्हातारे गृहस्थ, टोपी घातलेले, हिरवी लांब पिशवी…

… काय? …

अगं, तो म्हणतोय आहेत. आहेत. सकाळपासून आहेत. तो जवळ गेला तर त्यांनी तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं म्हणे. मग याने चहा नेऊन दिला. त्याला वाटलं सरकारी मोजणीवाले असतील, हातात कागद धरून उभे आहेत म्हणून.

वळणावर आले. झुडपांच्या मागून… माझी नेहमीची जागा. स्टँड आहे. उघडून ठेवलाय, तिन्ही पाय नीट रोवलेत. वर कॅमेरा नाही, नुसता स्टँड.

… बाबा पलीकडे आहेत.

दिसतायत मला. खुंटापाशी उभे आहेत. कागद छातीशी धरलाय. चहाचा कप खुंटावर ठेवलाय. इकडेच बघतायत गं, स्टँडकडे. सकाळपासून असेच उभे आहेत? दोन तास होतील.

… नाही, हाक कशी मारू, दचकले आणि पाय घसरला तर. हळू पुढे होते. … बघितलं. बघितलं मला. ओळखलं.

… ते विचारतायत. ओरडून विचारतायत, ठीक आहे का, की अजून वर धरू?

… ठीक आहे, बाबा. छान आलाय. आता खाली घ्या हात. … तिथेच थांबा. हलू नका, मी येते तिकडे.

ऐकलंस? … ऐकलंस ना तू? … हो. बरे आहेत. धडधाकट आहेत. बूट ओले झालेत, बाकी काही नाही. अगं, आता मात्र मला रडू येतंय. थांब जरा.

… येतेय पुलावरून. … हवालदाराला मेसेज टाकते एवढं, बिचाऱ्याने गाड्या पाठवल्या असतील. 'सापडले, तळ्यावर, सुखरूप.' गेला.

… पोचले. हात धरलाय त्यांचा. बर्फ झालाय गार. माझी शाल देते. … बाबा, किती वेळ उभे होतात? … ते म्हणतायत, जागा धरून ठेवली होती, तू उशीर केलास. … हो ना बाबा. उशीर झाला मला.

रागावलेत, पण जरासेच. म्हणतायत, प्रकाश गेला, आता सावल्या पडल्या. खरंच पडल्यात. शिकलेत माझ्याकडून.

… थोडं बसवते इथे दगडावर, मग निघू. … बटणं लावतेय त्यांची. वरचं बटण परत दुसऱ्या काजात घातलं होतं. … मान वर करून उभे आहेत.

आणि हे बघ, ऐक. तू म्हणत होतीस ना, दिवसभरासाठी कुणीतरी बाई ठेवू. मान्य. ठेवू. मीच नको म्हणत होते, घरात परकं माणूस नको म्हणून. परकं काय, मीच तिथे नसते. … आणि रविवारी मी यांना आणीन. … नाही, बोलू दे. टाळ्या वाजवतील तर वाजवू देत. पक्षी उडेल, उडू दे. … असं आत्ता म्हणतेय, पुढे चिडेनही. तेव्हा तू मला आठवण कर. तुझ्याकडेही येऊ दे त्यांना महिना-दोन महिने, तू किती वेळा म्हणालीस. बोलू आपण, तू आल्यावर. तिघं बसून बोलू. त्यांच्या पाठीमागे नको.

… नाही, फोनवर त्यांना कळत नाही नीट. आवाज कुठून येतो म्हणून मागे बघतात. … अगं भेटशीलच ना तीन तासांत. …

थांब, काहीतरी विचारतायत. … काय, बाबा? …

अगं…

ते विचारतायत, धाकटी आली का शाळेतून.

… हो. तूच. दुसरी कोण आहे धाकटी. … अगदी सहज विचारलं, शालीचं टोक घट्ट करत. ऊन वर आलंय, आता यायची वेळ झाली म्हणतायत.

… काय सांगू त्यांना? …

ऐकतेयस ना? … हॅलो? … घे, वेळ घे. …

… बरं. … बरं, तेच सांगते.

बाबा, निघालीय ती. बसमध्ये बसलीय. खिडकीशी. … एक वाजेपर्यंत येते. … हो, थांबू की. तिच्याशिवाय नाही जेवायचं.

… ऐकलंस त्यांचं? ते म्हणतायत, मग फाटकापर्यंत जाऊन उभं राहू, रस्ता ओलांडताना ती इकडेतिकडे बघत नाही. … चल, ठेवते आता. आम्हाला दोघांना पूल उतरायचाय, दोन्ही हात लागतील.